खिळे मारलेली खिडकी

बर्फीचा तुकडा तोंडात टाकून संयोगिता म्हणाली, "मला काय कळंना, आत्या. सकाळपासनं तोंडच गोड लागालंय."

पुढच्या सोप्यात बसलेल्या बायका हसल्या. दोन झाकलेल्या वाट्यांतली एक तिने उचलली होती आणि खाली बर्फी निघाली होती. त्यावर आता हे.

"मग पोरगीच," बाळासोची थोरली बहीण धोंडुबाई म्हणाली. "आता आणि काय सांगायचं राहिलं?"

संयोगिताच्या आईने लेकीच्या तोंडावरून हात ओवाळले आणि कानशिलावर बोटं मोडली. कुणीतरी डोहाळ्यांचं गाणं धरलं.

बाळासो मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. सुनेच्या डोहाळजेवणात सासऱ्याचं काय काम, म्हणून तांब्याभर पाणी घेऊन तो इकडे सरकला होता. सुनेचं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू आलं. तोंडाशी नेलेला तांब्या त्याने तसाच खाली ठेवला.

"माझ्या चहात साखर घालू नका. तोंड आपसूक गोड हाय." हे मीनाबाई म्हणायची. ती म्हणायची आणि तो हसायचा. दुपारी तोंड गोड, संध्याकाळी थंडी वाजून अंग तापायचं, सकाळी बघावं तर काही नाही. रविवारी काम बंद असलं की बरी असायची आणि सोमवारी परत पडायची. घरात त्याला सोमवारचा ताप असं नावच पडलं होतं. पोरं लहान होती तेव्हा चिडवायची, आईला शाळेला जायचा कंटाळा आलाय म्हणून. पुढे खोकला लागला. मग जिना चढताना दम लागायला लागला. गेल्या मार्गशीर्षात मीनाबाई गेली.

बाळासो उठला आणि आत गेला.

मागची खोली म्हणजेच कारखाना. त्याच्या बापाने हुपरी सोडून शाहूपुरीत हे घर घेतलं तेव्हापासून तिथे चांदीचं काम चालत आलं होतं. पैंजण, जोडवी, करदोडे. मीनाबाई देवगडकडची. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेच्या तळाशी फडक्यात बांधून शिंपले घेऊन आली होती. ते समोर मांडून ती पत्रा ठोकायला लागली, तेव्हा सासऱ्याने विचारलं होतं, आता काय मासे विकायचे व्हय आपण? ती थांबली नाही. लाकडाच्या ठोकळ्याला खळगा पाडायचा, चांदीचा पातळ पत्रा त्यात बसवून मागून ठोकायचा, बोथट छिन्नीने एकेक रेघ उठवायची, आणि अशी दोन अर्धुकं समोरासमोर धरून कडेने झाळून जोडायची. कोल्हापुरातलं गिऱ्हाईक यायचं आणि सगळ्यालाच कवडी म्हणायचं. "कवडी न्हवं ती, पावणं," मीनाबाई म्हणायची. "ही तिसरी. हा खुबा. हे कालव. नाव घ्या, मगच देणार." आणि माणसं खरंच नाव घेऊन घेऊन जायची.

फळीवर तिच्या खऱ्या शिंपल्यांची बरणी होती. बरणीच्या मागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. बाळासोने मागे हात घातला. हाताला भिंत लागली.

डबा खाली होता, संयोगिताच्या पाटाजवळ. झाकण उघडं होतं.

त्याने वाकून आत पाहिलं. मीनाबाई गेली तेव्हा डबा अर्ध्याच्या वर भरलेला होता. आता तळ दिसत होता.

डब्यात जुनी झाळ होती. दोन पत्रे जोडताना मध्ये लावायचा हलका धातू. तिच्यात कॅडमियम असायचं, म्हणून ती थोड्या आचेवर वितळायची आणि फटीतून पाण्यासारखी पळायची. मीनाबाई जायच्या आदल्या वर्षी गुजरीतल्या दुकानदाराने बाळासोला सांगितलं होतं, "ही आता नेऊ नका. हिचा धूर छातीत बसतो. माणसं गेल्यात." बाळासोने नवी झाळ आणली आणि मीनाबाईपुढे ठेवली. ही लाव म्हणाला. का, ते सांगितलं नाही. तिने लावून बघितली, पळत नाही म्हणाली आणि परत आपला डबा ओढला. हातात काम होतं. तो काही बोलला नाही.

ती गेल्यावर तो हा डबा टाकायला दोनदा कचऱ्याच्या गाडीपर्यंत गेला आणि दोनदा घेऊन परत आला. आतले तुकडे मीनाबाईने कात्रीने कापले होते, तांदळाच्या कणीएवढे, सगळे एकसारखे. तिच्या हातचं अर्धवट राहिलेलं तेवढंच घरात होतं. बाकी सगळं विकलं गेलं होतं.

आणि खिडकी. खोलीला एकच खिडकी, आणि तिला चार खिळे. ते त्याने स्वतः मारले होते. कानस मारताना चांदीचा कीस पडतो तो वाऱ्याने उडून जाऊ नये, झाळताना आच हलू नये म्हणून. बापाच्या कारखान्यात पण खिडकी बंदच असायची. जमिनीवरची माती जपून ठेवायची, झारेकरी येऊन धुऊन त्यातली चांदी काढून द्यायचा. मीनाबाईने लग्नानंतर दोनदा म्हटलं होतं, "एवढा वारा सोडून आले आणि तुम्ही मला डबीत बसवलंत. एक फळी तरी उघडा." तिसऱ्यांदा तिने म्हटलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बाळासोने कसं तरी सोसलं असतं. पण दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं होतं, "ह्या काय काम करतात? धूर, भट्टी, धातू, असं काही?" मीनाबाईच्या तोंडावर मास्क होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. मुलगा राजवीर रक्ताच्या बाटलीमागे गेला होता, मुलगी क्रांती गोळ्या आणायला. बाळासो म्हणाला, "न्हाय. घरकाम."

का म्हणाला, हे त्याने स्वतःला हजारदा विचारलं होतं. कुणी येऊन भट्टी बंद करेल अशी भीती होती. पण खरी भीती दुसरी होती. व्हय म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी घरकाम असं लिहून घेतलं. मीनाबाईने डोळे मिटले. पुढे नऊ दिवस ती होती, आणि त्या नऊ दिवसांत तिने त्यावर एक शब्द काढला नाही.

सोप्यात पुन्हा हसणं झालं आणि त्या हसण्यात संयोगिता खोकली. कोरडा, आखूड खोकला.

बाळासो मागच्या दाराने बोळात गेला. राजवीर पाहुण्यांच्या मोटारसायकली भिंतीकडे सरकवत होता.

"राजवीर, हिकडं ये."

"आलो की आप्पा. ही एवढी गाडी लावतो."

"गाडी राहू दे."

राजवीरने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने आत आला.

"हा डबा कुणी काढला?"

"हा व्हय? संयोगितानं. का?"

"कधी?"

"झालं की आठ-दहा दिवस. कालवांच्या कडा जुळंनात म्हणाली. नवी झाळ पळत न्हाय, जास्ती आच दिली की पत्राच बसतोय. मग आईच्या डब्यातली लावून बघितली. लई खुश हुती. आईंनी कापून ठेवलंय माझ्यासाठी, म्हणाली."

बाळासोने विचारलं, "रोज बसती?"

"दुपारी दोन-तीन तास. गोव्याच्या दुकानाला पंधरवड्यात माळा द्यायच्यात. तुम्हीच म्हणालता न्हवं, तिचा हात आईसारखा हाय म्हणून? आता काय झालं?"

बाळासो काही बोलायच्या आत क्रांती दारात आली. हातात ओटीचं ताट होतं. ती वारणानगरला दिलेली, सकाळच्या एसटीने आली होती. "दोघं हितं काय खलबत करालाय? तिकडं ओटी खोळंबलीया." मग तिला डबा दिसला. "हा आईचा डबा. हा हिनं घेतला?"

"घेतला तर काय झालं," राजवीर म्हणाला.

"मी दिवाळीलाच म्हटलेलो, तिला कामाला बसवू नगा. पोटुशी बाई ती. पण माझं ऐकतंय कोण? मी आता परकी."

कोल्हापूरच्या बायका मी आलो, मी गेलो म्हणतात, याचं मीनाबाईला शेवटपर्यंत हसू यायचं. लेक तशी बोलायला लागली तेव्हा ती पोट धरून हसली होती. बाळासोला ते आत्ता, नेमकं आत्ता आठवलं.

"मी बसवलो व्हय तिला?" राजवीरचा आवाज चढला. "तिलाच विचार."

"मला कुणी बसवलं न्हाय, वन्सं."

संयोगिता दारात उभी होती. मनगटाला, दंडाला, केसांत फुलांचे दागिने, आणि गळ्यात तिने स्वतः केलेली चांदीच्या तिसऱ्यांची माळ. तेवढ्या चालण्याने तिचा श्वास फुलला होता. तिने चौकटीला हात लावला. "माझं मी बसतो. आईंनी मला स्वतः शिकवलंय. तुम्हाला त्यांच्या पाटावर मी बसलेली बघवत न्हाय, तर तसं म्हणा की सरळ."

क्रांतीने ताट खाली ठेवलं. तिचं तोंड उतरलं. "असं बोल. बोल, आज तुझाच दिवस हाय."

"क्रांते, गप," राजवीर म्हणाला.

"तूच गप. बायकोच्या मागं लपून..."

"संयोगिता," बाळासो म्हणाला. तो फारसा बोलायचा नाही, म्हणून तिघंही थांबली. "संध्याकाळी थंडी वाजती?"

"जराशी. परवापासनं."

"आणि सकाळी काय न्हाय?"

"न्हाय. सकाळी बरं असतंय."

"दम?"

"सातव्यात दम लागतोच म्हणाली आई." ती हसायला गेली आणि खोकली. मग तिने सासऱ्याकडे नीट पाहिलं. "आप्पा, असं का बघालाय तुम्ही?"

सोप्यातलं गाणं थांबलं होतं. धोंडुबाई पदर खोचत आली आणि क्रांतीच्या मागे उभी राहिली. पेठ वडगावच्या मोठ्या एकत्र खटल्यात तिने आयुष्य काढलं होतं. चौघांची तोंडं आणि खाली मीनाबाईचा डबा बघून तिला काय ते कळलं. "बाळू, जे काय असंल ते उद्या," ती हळू आवाजात म्हणाली. "बाहेर विहीणबाई बसल्यात. सवाष्णीची ओटी भरायची हाय. आज गेलेल्या माणसाचं काय काढू नगो."

"आक्का, उद्या ही परत ह्या पाटावर बसंल."

"बसू दे की. आज..."

"ह्या डब्यात इख हाय," बाळासो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. त्याला सजवून सांगता येत नव्हतं. जुन्या झाळीचा धूर छातीत बसतो हे त्याला गुजरीत कळलं होतं, तेव्हा मीनाबाई जिवंत होती. नवी झाळ आणली, पण का आणली ते तिला सांगितलं नाही. तिचं तोंड गोड व्हायचं ते ह्याच धुरानं. ताप यायचा तो ह्यानंच. आणि खिडकीला खिळे त्यानेच मारलेत. तो सांगत होता आणि सुनेच्या गळ्यातल्या माळेकडे बघत होता. कारण तोंडाकडे बघवत नव्हतं.

पहिली हलली ती संयोगिता. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. मग एक हात मागे नेऊन ती माळेचा फासा काढायला गेली, पण बोटांना फासा सापडेना.

"मग टाकला का न्हाई?" राजवीरने विचारलं. "वरीस झालं आईला जाऊन. वरीसभर हितं फळीवर ठेवलासा?"

त्याने आयुष्यात पहिल्यांदा बापावर आवाज चढवला होता.

"तिच्या हातचं हुतं," बाळासो म्हणाला.

क्रांतीने पुढे होऊन संयोगिताच्या मानेवरचा फासा काढला. माळ तिने फळीवर ठेवली आणि वहिनीला धरून बाहेरच्या बाजूला नेलं. मघाचं बोलणं दोघींच्याही ध्यानात राहिलं नव्हतं, निदान तसं दिसत तरी होतं. दारात क्रांती थांबली.

"आप्पा, डॉक्टरांना हे माहीत हुतं?"

बाळासोने डब्याचं झाकण उचललं.

"म्हंजे त्यांनी विचारलं असंल की, काय काम करती म्हणून. तेव्हा मी खाली गोळ्या आणायला गेलतो."

"आधी हिला दवाखान्यात न्यायचं," बाळासो म्हणाला. "राजवीर, रिक्षा बघ."

क्रांती त्याच्याकडे बघत राहिली. मग गेली.

खोलीत धोंडुबाई आणि तो उरले. बाळासोने खोक्यातून पक्कड काढली आणि पाटावर चढून खिडकीशी गेला. खिळे गंजून लाकडात बसले होते. पहिला आला. दुसऱ्याचं डोकंच तुटलं.

"आत्ता कशाला, बाळू," धोंडुबाई म्हणाली. "संयोगिता गेली की बाहेर."

मोडक्या खिळ्याची फळी त्याने खांद्याने रेटली. लाकूड फाटलं आणि फळी सुटली. बाहेर शेजाऱ्याची भिंत आणि वर हातभर आभाळ. एवढ्याशा जागेतून वारा आत आला. पाटांवरची, फळीवरची, जमिनीवरची बारीक धूळ उठली आणि उन्हात चमकत खोलीभर फिरली. बापाने आणि त्याने मिळून साठ वर्षं हीच धूळ जपली होती. धोंडुबाईने तोंडाला पदर लावला. बाळासोने डब्याचं झाकण घट्ट बसवलं, डबा पिशवीत घातला आणि रिक्षाकडे गेला.

*

दवाखान्यात तोच बाक होता. संयोगिताच्या केसांत अजून फुलं होती, ती काढायला कुणाला सुचलं नव्हतं. बाकावरच्या दुसऱ्या बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. "डोहाळजेवणातनं आलासा?" एकीने विचारलं. संयोगिताची आई हो म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. बाईने तोंड फिरवलं.

बाळासो थोडा लांब उभा होता. त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता, दिवसांचा. मीनाबाईला किती वर्षं लागली, आणि हिला किती दिवस झाले. आठ की दहा. पण मीनाबाई एकटीच होती. हिच्या पोटात दुसरा जीव होता, आणि तो अजून बाहेरचा वाराही प्यायला नव्हता. तिथे त्याचा हिशेब अडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

आत बोलावलं तेव्हा राजवीर, क्रांती आणि बाळासो तिघंही तिच्याबरोबर गेली. सिस्टरने एवढी माणसं कशाला म्हणून हटकलं, पण कुणी मागे राहिलं नाही.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाळासोला ओळखलं नाही. दिवसाकाठी एवढी माणसं बघायची, कशा ओळखणार. त्यांनी संयोगिताच्या बोटाला चिमटा लावला, छोट्या पडद्यावरचा आकडा बघितला, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला. मग पाठीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं. "लांब श्वास घ्या. अजून." संयोगिताला अजून घेता येत नव्हता.

"बाळाचे ठोके बघायला वरच्या मॅडमना बोलवा," त्या सिस्टरला म्हणाल्या. आवाज साधाच होता, पण सिस्टर पळत गेली. बाळासोने सिस्टरचे पाय बघितले.

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. "घरी काय काम करता?"

संयोगिताने तोंड उघडलं. मग तिने सासऱ्याकडे पाहिलं. तिला बोलायला दम पुरत नव्हता, एवढंच. पण ती नजर बाळासोने ओळखली. ह्याच खोलीत, मास्कच्या वरून, ती त्याने पाहिली होती.

"चांदीचं काम करती," तो म्हणाला. "बंद खोलीत. ह्या झाळीनं." त्याने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. "कॅडमियम हाय ह्यात. आठ-दहा दिवस झालं. रोज दोन-तीन तास."

डॉक्टरीणबाईंनी डब्याला हात लावला नाही. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे घरात कधीपासून आहे?"

"तीस-बत्तीस वर्षं."

"आधी कोण वापरायचं?"

राजवीर त्याच्या डाव्या बाजूला होता. क्रांती बरोबर मागे उभी होती, इतकी जवळ की तिचा श्वास त्याला मानेवर लागत होता. एवढंच सांगून थांबता आलं असतं. माझी बायको म्हणायचं आणि गप्प बसायचं. पोरं त्याच्या बाजूची राहिली असती. कारण तिला सांगायचं राहून गेलं, एवढंच अजून म्हणता येत होतं.

"माझी बायको," बाळासो म्हणाला. "मीनाबाई. गेल्या मार्गशीर्षात ती हितंच हुती, तुमच्याकडं. तुम्ही मला हेच विचारलंता. मी घरकाम म्हणून सांगितलं. तेव्हा मला सगळं माहीत हुतं."

मानेवरचा श्वास थांबला. मग पावलाचा आवाज झाला. एक पाऊल, मागे. बाळासोला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. त्याने फक्त संयोगिताकडे पाहिलं. ती खुर्चीवर वाकून बसली होती, पोटावर हात, आणि तिचं सगळं लक्ष त्या हाताखाली काही हलतंय का याच्याकडे होतं.

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी नवा कागद घेतला आणि वर आधी दुसरंच नाव लिहिलं, मीनाबाईचं. मग त्याच्या खाली संयोगिताचं. "काही गाळू नका. ह्यांच्यासाठी मला सगळं लागणार आहे. पहिल्यापासून सांगा."

बाळासो स्टुलावर बसला. दारातून वरच्या मॅडम घाईने आत आल्या.

"खिडकीला चार खिळे हुते," त्याने सांगायला सुरुवात केली. "ते मी मारले."